शिल्लक कोणाची?

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



‘तुम्ही नेमकं काय काम करता?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. विद्यापीठात ऊर्जा आणि तंत्रज्ञान धोरणाचा अभ्यास करणाऱ्या गटात मी संशोधन सहायक आहे, असं सांगितलं की समोरचा माणूस मान डोलावतो आणि थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रश्न विचारतो. आमच्या आत्याबाईंनी तर एकदा सरळ विचारलं, “म्हंजे तू लाइनच्या हापिसात हायेस का?” लाइनच्या हापिसात असते तर त्यांच्या घरची वीज गेल्यावर मी कामी आले असते. तशी मी कामी येत नाही, हे त्यांना लवकरच कळलं.

आज या प्रश्नाचं उत्तर देण्याचा प्रयत्न करणार आहे. मात्र त्यासाठी मोठमोठे शब्द वापरणार नाही. आपल्या वऱ्हाडातल्या प्रत्येकाच्या ओळखीची एक वस्तू घेते. ती म्हणजे पऱ्हाटी.

कापसाची उलंगवाडी झाली की शेतात वाळलेल्या पऱ्हाट्या उभ्या राहतात. त्या उपटायच्या, मोळ्या बांधायच्या आणि घराशेजारी गंजी रचायची, हे आपण लहानपणापासून पाहत आलो. अकोला, अमरावती, बुलढाणा, यवतमाळ या जिल्ह्यांत असं गाव सापडणं कठीण, की जिथे पऱ्हाटीची गंजी नाही. एका हेक्टरमागे साधारण दोन ते तीन टन पऱ्हाटी निघते. म्हणजे एकराला ढोबळमानाने एक टन धरायला हरकत नाही. महाराष्ट्रात कापसाखालचं क्षेत्र चाळीस लाख हेक्टरांच्या आसपास असतं. गुणाकार तुम्हीच करून पाहा. आकडा पाहून कोणाही अभियंत्याचे डोळे चमकावेत!

आणि ते चमकलेही. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडासारख्या फळ्या तयार करण्याचं तंत्र काढलं. पऱ्हाटीचा भुगा दाबून त्याच्या कांड्या करतात. त्यांना बाजारात ‘पांढरा कोळसा’ म्हणतात, आणि त्या बॉयलरमध्ये चालतात. पऱ्हाटी जाळून वीजही करता येते. १० मेगावॉटचं एक छोटं वीजकेंद्र वर्षभर चालवायचं, तर लाख टनाच्या आसपास असा काडीकचरा लागतो. २०२१ साली केंद्र सरकारने औष्णिक वीजकेंद्रांमध्ये कोळशाबरोबर काही टक्के अशा कांड्या जाळण्याचं धोरण जाहीर केलं. आपल्या जिल्ह्यात पारसला २५० मेगावॉटचे दोन संच आहेत. अशा एका संचाची भूक किती मोठी असते, ते ज्याने कोळशाच्या मालगाड्या पाहिल्या आहेत त्याला सांगायला नको.

आता या सगळ्या योजना एका शब्दावर उभ्या असतात. तो शब्द म्हणजे ‘शिल्लक’. देशात शेतातला एकूण काडीकचरा वर्षाला सुमारे ७५ कोटी टन, आणि त्यातला सुमारे २३ कोटी टन शिल्लक, असा एका राष्ट्रीय अभ्यासाचा अंदाज आहे. त्यातून २८ हजार मेगावॉट वीज होऊ शकते, असं त्यावरून सांगितलं जातं. हिशेबाची पद्धत सोपी आहे. पिकाखालचं क्षेत्र घ्यायचं, त्याला हेक्टरी काडीकचऱ्याने गुणायचं. गुरांच्या वैरणीला, चुलीला, कुडाला, कुंपणाला किती जातं ते वजा करायचं. उरलं ते शिल्लक. यातलं क्षेत्र सरकारी नोंदीत मिळतं. हेक्टरी उत्पन्न प्रयोगशेतात मोजता येतं. पण चुलीला किती जातं, ते कुठून कळणार? त्यासाठी कोणीतरी गावोगाव जाऊन विचारावं लागतं. ते ‘कोणीतरी’ म्हणजे आम्ही. आत्याबाई, माझं काम हे आहे.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगते.

२०१८ सालचा जानेवारी महिना होता. आदल्या हंगामात गुलाबी बोंडअळीने कापसाची काय दशा केली, ते तुम्हाला आठवत असेल. कित्येकांनी उभ्या पऱ्हाटीत रोटाव्हेटर घातला. ज्यांनी घातला नाही त्यांनी फरदड न घेता पऱ्हाटी लवकर उपटली. त्यामुळे त्या जानेवारीत गावागावांत गंज्या नेहमीपेक्षा उंच होत्या. मी अकोल्याहून म्हैसांगमार्गे दर्यापूर तालुक्यात जात होते. हा सगळा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी खारं, ओलीत जवळजवळ नाही, झाडझाडोराही विरळ. उत्तरेला मेळघाटचे डोंगर दिसतात, पण तिथलं लाकूड इथल्या चुलीपर्यंत येत नाही.

माझ्याकडे छापील प्रश्नावली होती. गावात गेलं की सरपंचांना भेटायचं, ते शेतकऱ्यांची घरं दाखवत. ओसरीवर खुर्ची मिळे, चहा येई आणि घरचे कर्ते पुरुष उत्तरं देत. ‘पऱ्हाटी किती निघते?’ ‘घरी जाळायला किती लागते?’ ‘उरते का?’

एका काकांचं उत्तर मला अजून आठवतं. “उरते म्हंजे? ढीगच्या ढीग उरते मॅडम. घरी दोन दोन सिलिंडर हायेत. आमी तं लोकायले सांगतो, उपटा अन् घेऊन जा. वावर मोकयं झालं म्हंजे झालं.” हे काका काही मोठे जमीनदार नव्हते. पाच-सहा एकरांचे कोरडवाहू शेतकरी, बोंडअळीने पिचलेले. त्यांनी खोटं काहीच सांगितलं नाही. मी रकान्यात लिहिलं : वापर थोडा, शिल्लक बरीच.

असे कितीतरी कागद मी त्या महिन्यात भरले. शेवटच्या दिवशी एसटीची वाट पाहत फाट्यावर कागद जुळवत बसले होते. एक मावशी पऱ्हाटीची मोळी डोक्यावर घेऊन आल्या. दम खायला मोळी खाली टाकून शेजारी टेकल्या.

“काय लिवता जी इतकं?”

मी म्हटलं, “मावशी, गावात पऱ्हाटी किती शिल्लक राहते ते लिहिते.”

त्या हसल्या. “शिल्लक? कोनाची शिल्लक? मालकाची असन. आमच्या घरी पावसायात भाकर टाकाले काडी भेटत नाई.”

मी विचारलं, “मग ही मोळी?”

“हे का फुकट हाये? चार दिस उपटली तवा भेटली.”

एसटी आली आणि मी गाडीत बसले. पण मावशींचं वाक्य माझ्याबरोबर अकोल्यापर्यंत आलं. काकांनी ‘घेऊन जा’ म्हणून दिलेली पऱ्हाटी त्यांच्या हिशेबात शिल्लक होती. मावशींच्या हिशेबात ती मजुरी होती. चार दिवस कंबर मोडून वावर साफ करून दिलं, त्याचा तो मोबदला. आणि माझ्या कागदावर या व्यवहाराला रकानाच नव्हता. मी ज्या ओसऱ्यांवर बसले होते, तिथे एकही भूमिहीन घर नव्हतं. एकाही स्वयंपाकघरात मी गेले नव्हते. बाई असून गेले नव्हते, याची मला जास्त लाज वाटली.

तरीही अहवाल ठरल्या वेळी गेला. प्रकल्पाचा पैसा ३१ मार्चला संपत होता. आकडे जोडले गेले, नकाशावर रंग भरले गेले. आमचा तालुका ‘भरपूर शिल्लक’ या गडद रंगात आला. रंग मीच भरला होता.

या विषयावर आपल्या देशात फार मोठं काम झालेलं आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. अमूल्य कुमार एन. रेड्डी नावाचे शास्त्रज्ञ होते. १९७४ साली त्यांनी तिथे ‘अस्त्र’ नावाचा गट सुरू केला. विज्ञान आणि तंत्रज्ञान खेड्याच्या कामी यावं, हा त्याचा हेतू. त्यांनी कर्नाटकातल्या तुमकूर जिल्ह्यातलं पुरा नावाचं एक छोटं गाव घेतलं आणि त्या गावात ऊर्जा कुठून येते, कुठे जाते, कोणाच्या श्रमाने येते, हे घरोघर जाऊन मोजलं. तोवर ऊर्जा म्हणजे मुख्यतः वीज, कोळसा, डिझेल असंच नियोजनात धरलं जाई. पुऱ्याच्या मोजणीत दिसलं की गावाच्या ऊर्जेचा सगळ्यांत मोठा वाटा सरपणाचा आहे, आणि त्यासाठी बायका-पोरांचे तासन्‌तास खर्ची पडतात.

त्याच गावात पुढे शेणाच्या गॅसचं सामूहिक संयंत्र उभं राहिलं. कल्पना होती की गावाचा स्वयंपाक त्यावर व्हावा. पण सगळ्या गावाच्या स्वयंपाकाला पुरेल एवढं शेणच जमेना. मग १९८७ सालापासून त्याच गॅसवर इंजिन चालवून दिवे आणि नळाचं पाणी द्यायला सुरुवात झाली, आणि ते लोकांनी उचलून धरलं. हिशेब चुकला तेव्हा त्यांनी हिशेब बदलला, गावाला दोष दिला नाही. रेड्डी २००६ साली गेले. त्यांच्याबद्दल वाचताना मला माझा गडद रंगाचा तालुका आठवत राहिला.

त्या वर्षी पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात मी पुन्हा त्या गावात गेले. प्रकल्प संपला होता, माझी नेमणूक अकरा महिन्यांची होती आणि पुढच्या नेमणुकीचा कागद यायचा होता. तिकीट माझ्या पैशाने काढलं. मावशींचं घर शोधायला वेळ लागला नाही.

जानेवारीत गावाच्या कडेला गंज्या होत्या, तिथे आता काटेरी झुडपं आणि चिखल होता. मावशींच्या छपराखाली एका कोपऱ्यात, प्लास्टिकच्या कागदाखाली, काही धसकटं आणि ओल्या गोवऱ्या उरल्या होत्या. सिलिंडर होता. उज्ज्वला योजनेत मिळालेला, धुवून-पुसून ठेवलेला. “पावना आला का पेटवतो,” त्या म्हणाल्या. त्या दिवशी मी पाहुणी होते, म्हणून माझा चहा गॅसवर झाला. त्यांच्या घरची भाकर ओल्या काड्यांवर झाली, आणि त्या धुरात मी अर्धा तास बसू शकले नाही. त्या रोज बसतात.

मग मी जे जानेवारीत करायला हवं होतं, ते केलं. सरपण मोजण्याची एक साधी पद्धत आहे. सकाळी घरातलं सरपण ताणकाट्याने तोलायचं आणि घरच्यांना सांगायचं, आज यातूनच वापरा. दुसऱ्या दिवशी उरलेलं तोलायचं. असं सलग काही दिवस करायचं, किती माणसं जेवली ते लिहायचं, सरपण किती ओलं आहे तेही पाहायचं. यात शास्त्र फार नाही, चिकाटी मात्र लागते. समजा, एका घराला दिवसाला पाच किलो लागलं, तर वर्षाचे अठराशे किलो होतात. म्हणजे जवळपास दोन एकरांची पऱ्हाटी. ज्या घराला एक गुंठाही जमीन नाही, त्या घराला दोन एकरांची पऱ्हाटी लागते. ती येते कुठून? तर ‘शिल्लक’ या रकान्यातून.

श्रोतेहो, माझं म्हणणं नीट समजून घ्यावं, अशी विनंती आहे. चूल चांगली आणि गॅस वाईट, असं मी अजिबात म्हणत नाही. धुराने डोळे जातात, छाती भरते. १९८३ पासून २००२ पर्यंत देशात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम चालला, तो याही कारणासाठी. पऱ्हाटीपासून वीज करू नये, असंही मी म्हणत नाही. गंजी घराशेजारी रचून ठेवणं बोंडअळीच्या दृष्टीने घातकच आहे. सुकलेल्या, न फुटलेल्या बोंडांत अळी सुप्त पडून राहते आणि पुढच्या हंगामात बाहेर येते. म्हणून पऱ्हाटी वेळेवर शेतातून काढा, तिचा बारीक चुरा करा, गंजी साठवू नका, असं कृषी शास्त्रज्ञ सांगतात, आणि ते बरोबरच सांगतात.

पण जरा पाहा. कीटकशास्त्रज्ञ म्हणतात, गंजी ठेवू नका. वीजवाले म्हणतात, गंजी आम्हाला द्या. मृदाशास्त्रज्ञ म्हणतात, चुरा जमिनीत मिसळा, सेंद्रिय कर्ब वाढेल. हे तिघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. चौथी ती मावशी, जिची चूल त्या गंजीवर आहे. तिला कोणत्याच बैठकीला बोलावलेलं नसतं. तिच्या वतीने तिथे फक्त एक आकडा जातो, आणि तो आकडा आम्ही ओसरीवर बसून भरलेला असतो.

मग करायचं काय? पुढच्या नेमणुकीचा कागद आल्यावर मी आमच्या प्रमुखांसमोर सगळं मांडलं. मला वाटलं होतं रागावतील. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “प्रश्नावली आण.” आम्ही दोन बदल केले. पहिला, ‘शिल्लक’ हा एक रकाना मोडून त्याचे दोन केले. शेतमालकाकडे शिल्लक किती, आणि ती उचलून नेणाऱ्यांनी वापरल्यावर गावात शिल्लक किती. दुसरा, पाहणी वर्षातून दोनदा करायची, एकदा उलंगवाडीनंतर आणि एकदा भर पावसाळ्यात. आणि प्रत्येक गावात काही घरं भूमिहीनांची घ्यायचीच, तिथे उत्तर स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीकडून घ्यायचं.

बदल सोपे दिसतात, पण अमलात आणणं कठीण आहे. आमच्यासारख्यांच्या नेमणुका अकरा-अकरा महिन्यांच्या. पैसा येतो दिवाळीनंतर, हिशेब द्यायचा मार्चअखेर. त्यामुळे पाहणी पडते जानेवारी-फेब्रुवारीत, नेमकी तेव्हा, जेव्हा गंजी सर्वांत उंच असते. श्रावणात गावात जायला प्रकल्पाकडे ना पैसा असतो ना माणूस. ज्या मुलाने एका गावात चार घरांचा विश्वास कमावला, तो पुढच्या वर्षी दुसरीकडे नोकरीला लागलेला असतो, आणि त्याच्या वहीतलं अर्धं ज्ञान त्याच्याबरोबर जातं. संशोधकांच्या नेमणुकीचा प्रश्न हा फक्त आमच्या पोटाचा प्रश्न आहे असं वाटतं, पण त्याचा संबंध असा मावशीच्या चुलीशी आहे.

धोरणाच्या बाबतीत माझं सांगणं एवढंच, की क्रम चुकू नये. आधी चुलीला पर्याय द्यावा, मग पऱ्हाटी उचलावी. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली, २०२४ साली आपल्या राज्यात पात्र कुटुंबांना वर्षाला तीन सिलिंडर मोफत देण्याची योजना जाहीर झाली. ही पावलं योग्य दिशेची आहेत. पण पाच माणसांच्या घराला तीन सिलिंडर वर्षभर पुरत नाहीत, हे घर चालवणाऱ्या कोणालाही कळतं. उरलेले महिने कशावर निघतात, ते मोजलं पाहिजे. आणि उद्या कांड्यांच्या कारखान्याने पऱ्हाटीला भाव दिला, तर तो उपटणाऱ्याच्या मजुरीतही दिसला पाहिजे. नाहीतर आज जे तिला मजुरी म्हणून मिळतं, ते उद्या मालकही विकेल, आणि त्याला दोष देता येणार नाही. तोही कर्जातच आहे.

आपल्याकडे हे जमत नाही असं नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची स्थापना १९६९ सालची. तिथल्या अभियंत्यांनी तयार केलेली ‘पीकेव्ही मिनी डाळ मिल’ आज गावोगाव बचत गट चालवतात. ती का चालली? तूर पिकवणाऱ्याच्या घरात डाळ कशी होते, किती वाया जाते, कोण करतं, हे आधी पाहिलं, मग यंत्र केलं. ऊर्जेतही तसंच व्हावं.

मावशींकडे मी अजूनही जाते. मध्यंतरी त्यांनी विचारलं, “मॅडम, तुमच्या कागदात आता आमची शिल्लक किती लिवली?” मी म्हटलं, “मावशी, पावसाळ्यात शून्य.” त्या म्हणाल्या, “हे बराबर लिवलं.” माझ्या कामाला मिळालेलं यापेक्षा मोठं प्रमाणपत्र माझ्याकडे नाही.

जाता जाता एकच विनंती. कधीतरी तुमच्याही दाराशी एखादी मुलगी किंवा मुलगा कागद नाहीतर टॅब घेऊन येईल आणि विचारेल, सरपण किती लागतं, पंप किती तास चालतो, वीज कधी असते. त्यांना ओसरीवरून परत पाठवू नका. आत घेऊन जा, चूल दाखवा. घरातल्या बाईला बोलू द्या. आणि जमलं तर म्हणा, बापू, आखाडात परत ये. तेव्हाचं उत्तर वेगळं असतं.